पाटलाचे बैल मागे राहिले

"हात जोड," सर म्हणाले. "सगळ्यांकडे बघून जोड."

मी हात जोडले. सातवीत होते. शाळेच्या मोठ्या खोलीत गावातली माणसं खुर्च्यांवर बसली होती, बाया खाली सतरंजीवर, आणि दाराजवळ माझी आई. भिंतीवरच्या टीव्हीवर माझी फिल्म थांबवून ठेवली होती. आमचे पाटील, म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, माझ्यासमोर उभे होते. सर कानाशी म्हणाले, "म्हण, चूक झाली."

"चूक झाली."

"आयकू नाही आलं," पाटील म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं. कोणीतरी हसलं. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

चूक कोणती, ते सांगते.

आमचं गाव रिसोड तालुक्यातलं. भाजी केनवडच्या बाजाराला जाते. मळे पाटलाचे आणि त्यांच्या भावकीचे. त्यात निंदायला, तोडायला आमच्या वस्तीतल्या बाया. आई त्यातलीच. वस्ती नाल्यापलीकडे. गावात आम्हाला जात कोणी विचारत नाही. कुठून आलो ते दिसतंच.

त्या वर्षी शाळेत टॅब आले. सरांनी मातीच्या बाहुल्यांची फिल्म करायला शिकवलं. बैल ठेवायचा, फोटो काढायचा. बैल जरासा सरकवायचा, पुन्हा फोटो. असे ढीगभर फोटो एकापाठोपाठ पळवले की बैल चालतो. माझा बैल पहिल्यांदा चालला तेव्हा मी वर्गात ओरडलेच. सर माझ्याहून खूश. सरांवर माझा फार जीव होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच जास्त लागलं.

मी विषय घेतला पोळा. आमच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची जाते. मानाची. मग बाकीच्यांच्या, सगळ्यात शेवटी आमच्या वस्तीची. हे काय मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. म्हणूनच पाटलाचे बैल मी मोठे केले, जाडजूड. मान म्हणून. वस्तीतल्या माझ्या मामाची जोडी आपली अंगठ्याएवढी. आणि तिथंच घोटाळा झाला. जाड बैल वाळेचनात. हात लावला की पाय वाकायचे, पोट खाली टेकायचं. सरांनी ते पंख्याखालीही ठेवून पाहिले. टॅब मला दोनच दिवस मिळणार होता. मग जे वाळले, ते चालवले. मामाची जोडी आधी गेली. पाटलाची शेवटी.

बंड वगैरे काही नव्हतं. माती ओली होती.

फिल्ममधला आवाजही माझाच. "हे आले माझ्या मामाचे बैल," एवढं टीव्हीवर ऐकू आलं आणि पाटील उठले.

"थांबवा जी सर. कोनाचे बैल होय हे आंधी?"

सर हसल्यासारखं करून म्हणाले, "लेकरू आहे, पाटील."

"लेकरू हाय तं शिकवा ना. पोळ्यात मान कोनाचा असते, हिले घरी कोनं सांगतलं नाही काय?"

हे ते माझ्याशी बोलत नव्हते. दाराकडे बघत होते. मी सांगायला तोंड उघडलं तर सरांनी माझा दंड धरला. मग ते हात जोडणं.

घरी आई चुलीपुढे नुसती बसून राहिली.

"माती ओली होती वं माय."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "पन तू आता बोलू नको. उद्या मळ्यात कोन बोलावन आपल्याले?"

तिला खरं काय ते माहीत होतं. तरी तोंड तिनंच झाकलं होतं. त्याचं दुःख मला माझ्या अपमानापेक्षा मोठं वाटलं, आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी टॅब माझ्या हातात दिला. "फोटो फक्त मागेपुढे कर. पाटलांचे आधी घे. आवाज पुन्हा भर. मग ही फिल्म तालुक्याला पाठवू. तुझ्या नावानं."

सोपं काम होतं. बोटानं ओढून पुढे आणायचे. मी बोट ठेवलंसुद्धा. तालुक्याला नाव जाणार, कोणाला नको असतं? पण बोट हलेना.

"नाही सर."

"का?"

"काल मी चूक झाली म्हटलं, ते वापस घेते. माही चूक नाही झाली. माती ओली होती. तुमालेबी माहीत होतं."

"तुझ्या भल्याचं सांगतोय," एवढंच सर म्हणाले. त्यांनी टॅब घेतला आणि माझ्यासमोर फिल्म पुसून टाकली.

पुढे वर्षभर मला टॅबला हात लावू दिला नाही. माझेच बैल घेऊन दुसऱ्या पोरांनी पोळा केला. बैल तोवर खडखडीत वाळले होते. तो पोळा तालुक्याला गेला. आईला त्या हंगामात मळ्यात कोणी बोलावलं नाही. ती रोज रिठदच्या बाजूला पायी जायची, परक्या रानात निंदायला. संध्याकाळी यायची ती पाय धरून बसायची. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मी शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. कंत्राटी. मुलं फोनवर फिल्मा करतात, माझ्या वर्गात त्याशिवाय आठवडा जात नाही. परवा मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, कार्यक्रमाच्या आधी फिल्मा गावातल्या मोठ्या माणसांना दाखवून घेऊ. कोणाला काही लागायला नको."

मी म्हटलं, "दाखवा. पण कोणाला काही लागलं, तर पोरांना बोलवायचं नाही. मला बोलवायचं. आणि फिल्म बदलणार नाही."

"नोकरीचा विचार करा," ते म्हणाले.

केला. आईच्यानं आता काम होत नाही. घर माझ्या एकटीवर आहे. कंत्राट कधीही तोडता येतं, हेही ठाऊक आहे. मग कागद घेतला आणि जे तोंडानं बोलले होते ते जसंच्या तसं लिहून, खाली सही करून त्यांच्या टेबलावर ठेवलं.