दाजींनी निवडलेला खांब

दाजी गेल्याचा निरोप साताऱ्याला आला, तेव्हा अक्का आमच्याच स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या लेकीचा साखरपुडा. दाजी सकाळच्या एसटीनं येणार होते. सांजेला उसातून परतताना ते वाटेवरच्या विहिरीत पडले. जन्मभराच्या पायाखालची वाट... कुणालाच पटेना.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि इस्लामपूरजवळच्या वस्तीवर अंगणात झेंड्यासाठी खांब उभारायचं त्यांनी काढलं. खरेदीला सांगलीला मला नेलं. मी कचेरीत बसतो, म्हणून मला मालातलं कळतं असा नातेवाइकांचा समज आहे. मीही तो मोडत नाही. मी आधी बांबू सुचवला, मग चांगला जाडजूड लोखंडी पाइप. दाजी मात्र प्रत्येक पाइपवर किल्लीनं ठोकायचे आणि कान द्यायचे. शेवटी घेतला तो बारीक, पोकळ, खणखणणारा.

"हवालदार, खांब घेताय का देवळातली घंटा?" दुकानदारानं विचारलं.

"घंटाच म्हणा. जरा लांबडी हाय."

वर कप्पी बसली. दोरी त्यांनी सैलच ठेवली, तिला लोखंडी कडी. वारा सुटला की कडी पाइपवर आपटायची. झेंडा वर्षातून दोनदा, टणटण बारा महिने. मी एकदा दोरी आवळायला गेलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, कानाला सवय झालीया." फौजी माणसाची लहर, असं मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. नक्कल करून.

तेराव्यानंतर एका सांजेला आम्ही ओसरीवर बसलो होतो. वारा पडला. अक्का निवडायचं सूप खाली ठेवून उठली, खांबाशी गेली आणि दोरी हलवू लागली. टण्... टण्...

"अगं, काय करतीस?"

तिचा हात थांबला. "दोन वरसं झाली, सांजचं त्यांना दिसत न्हवतं. ह्या आवाजावर घर गाठायचे. वारा नसला की मी हलवायची, धुणं काढायच्या निमित्तानं. दिसत न्हाई त्ये मला ठावं हाय, ह्ये त्यांना ठावं न्हवतं."

"मग साताऱ्याला आलीस कशाला?"

"भाचीचा साखरपुडा. न्हाई म्हटलं आसतं, तर का म्हणून इचारलं आसतं. काय सांगणार हुते?"

दाजी गेले त्या सांजेला वारा नव्हता. तिनं शेजारी विचारून घेतलं होतं.

पुढं ढकललेला साखरपुडा आता करायचा आहे. परवा अक्काला न्यायला गेलो.

"तुमी समदं नीट करा," ती म्हणाली. "मला सांजचं घर सोडवत न्हाई रं."

आणि खांबाकडं जायला उठली.