मिस्त्रीची निळी रेघ

माझ्या भंगाराच्या गोदामात मागच्या भिंतीला लागून एक जुनी पेट्रोल जीप उभी आहे. वनखात्याच्या लिलावात मी ती घेतली, आणि घेताना स्टेपनीवरून साहेबाशी भांडलोही. पण विकायला घेतली नव्हती. लहानपणी कुरखेड्याच्या पलीकडे आमच्या गावात अशीच एक जीप यायची. तिचा आवाज आला की आम्ही मोहफुलांच्या टोपल्या टाकून पळायचो. तो आवाज मला माझ्या दारात ऐकायचा होता, एवढीच हौस.

त्यासाठी मी वरोऱ्याचे एक म्हातारे मिस्त्री शोधले. गॅरेज त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, पण जुनं इंजिन म्हटलं की यायचे. दर रविवारी एसटीनं चंद्रपूरला माझ्या गोदामात येत, सोबत पान्यांची कापडी गुंडाळी आणि निळ्या रंगाची एक चपटी डबी. इंजिन त्यांनी सगळं सुटं केलं. पुठ्ठ्यावर इंजिनाचा नकाशा काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवला. क्रँक, म्हणजे इंजिन फिरवणारा मुख्य दांडा, तपासून म्हणाले, "भाऊ, हा शेवटच्या मापापर्यंत घासला आहे. याच्या पुढं माप नाई. ह्या टायमाले चुकलो तर गाडी गेली."

आमचे ते रविवार बरे गेले. मी पान्याला हात लावला की ते हातावर चापट मारायचे. "तुम्ही भाव करा, भाऊ. घट्ट मी करतो."

निळ्या डबीचं काम मला नंतर कळलं. एखादा बोल्ट पक्का आवळून झाला की ते त्याच्या डोक्यावरून खालच्या कॅपपर्यंत एक बारीक रेघ ओढायचे. बोल्ट जरा जरी हलला तरी रेघ तुटणार. डोळे अधू झाले होते, म्हणून ती सवय. रेघ सलग दिसली की त्या बोल्टकडे ते पुन्हा पाहायचे नाहीत.

क्रँकवर पिस्टनचे चार रॉड बसले, त्यांना आवळून धरणाऱ्या चारही कॅपांवर रेघा पडल्या, आणि धान कापणीसाठी ते लेकीकडे कुरखेड्याला गेले. इंजिन स्टँडवर उलटं होतं, खालचं तेलाचं चेंबर लावायचं बाकी होतं.

त्याच आठवड्यात एक ओळखीचा दुकानदार मला म्हणाला, "बेरिंग तुम्ही नवे आनून देले, पन आत कोनते गेले, तुम्ही पाह्यले काय?"

मी कोण आहे हे इथे सांगावं लागेल. पंधराव्या वर्षी एका ठेकेदाराकडे बांबू तोडले, त्यानं मोळ्यांच्या मोजणीत मला फसवलं. तेव्हापासून मी पोतं उलटं करून पाहिल्याशिवाय माल घेत नाही. वर पितळ आणि खाली माती घालून आणणारे मी शेकड्यांनी पाहिलेत. त्या सवयीनंच गोदाम उभं राहिलं.

मी चारही कॅप उघडल्या. आत नवेच बेरिंग होते, मी आणलेले, तेल लावून नीट बसवलेले. लाज वाटली. त्या घाईत कॅप परत लावल्या, आणि ते गोदामात ठेवून गेलेल्या डबीतूनच निळ्या रेघा ओढल्या. एक कॅप उलटी बसली होती, हे मला कळलं नाही.

मिस्त्री परत आले. वाकून रेघा पाहिल्या, चेंबर लावलं, इंजिन गाडीत चढवलं. हँडल फिरवताना थांबले.

"जड लागून राह्यलं. भाऊ, कोनी हात तं नाई लावला?"

"काऊन? तुमच्या कामाले कोन हात लावन?"

"उघडून पाहू काय?"

बाजारातले चारपाच लोक मी बोलावले होते, चहा आला होता. मी म्हणालो, "मिस्त्री, आता काय आरती करू? मारा हँडल."

जीप सुरू झाली. तो आवाज आला, अगदी तोच. मी डोळे मिटले. मग खालून ठोका पडू लागला, एक, दोन, आणि करकरून सगळं जाम झालं.

मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

ते गाडीखाली गेले. तेल सोडलं, चेंबर उतरवलं. मीही वाकलो. टॉर्चच्या उजेडात उलटी कॅप दिसत होती आणि तिच्यावर माझी रेघ, त्यांच्या रेघेच्या दुप्पट जाड. त्यांनी ती जवळून पाहिली. माझ्याकडे नाही पाहिलं. पेट्रोलचा बोळा घेऊन एकेक करत चारही रेघा पुसल्या. मग बाहेर येऊन लोकांना म्हणाले, "चूक झाली माह्याकडून. मले आता दिसत नाई."

पाने गुंडाळले आणि गेले. डबी राहिली.

क्रँक लेथवाल्याकडे नेला. त्यानं चिरा पाहून नकारार्थी मान हलवली.

महिन्यानं मी कुरखेड्याला गेलो. ते लेकीच्या अंगणात बसले होते. मी म्हणालो, "दुसरा क्रँक आनतो. तुम्ही चाला."

"आना. पन मिस्त्री दुसरा पाहा."

"काऊन?"

"मी रेघ पाहून झाकन लावतो, भाऊ. तेवढेच माहे डोळे. आता रेघ दिसली तरी भरवसा नाई येत. मंग मी काय पाहू?"

मला राग आला. "मंग त्या दिवशी काऊन नाई बोलले? लोकाईसमोर मले शिव्या द्याच्या होत्या!"

"लोक होते म्हनून नाई बोललो." एवढं बोलून त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितलं.

मला आजही त्यांचा राग आहे. माझ्याशी भांडलेला प्रत्येक माणूस नंतर सौद्याला बसला आहे. यांनी भांडणच केलं नाही, तर मी तोडगा कशावर काढू?

परवा नागपूरच्या भंगार बाजारात तसाच क्रँक दिसला, एकदाही न घासलेला. सवयीनं भाव सुरू केला. विकणारा उतरत गेला, मी आणखी उतरवला. शेवटी त्यानं माझ्याच भावाला हो म्हटलं आणि क्रँक उचलून माझ्यासमोर ठेवला.

तो आवळायला मिस्त्री येणार नव्हते. मी तो परत त्याच्या ढिगावर ठेवला. त्यानं मागून शिवी हासडली. मी उलट बोललो नाही.