ड्रायव्हरला गाव विचारू नये

दुबईहून निघालेली आमची बोट सकाळी मुंबई बंदराला लागली, आणि सगळा संसार तळेगावात केलेली मी परदेशी पाहुणीसारखी कठड्याला टेकून आपलाच किनारा बघत उभी राहिले. मुलगा दुबईला नोकरीला आहे. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने हे तिकीट काढून दिलं: दुबई, मुंबई, गोवा, कोची आणि शेवटी कोलंबो. बोट प्रत्येक बंदरात दिवसभर थांबणार, लोकांनी उतरून गाव बघायचं आणि संध्याकाळी परत चढायचं. मुंबईत आपण काय नवीन बघणार, असं आमच्या यांचं म्हणणं होतं. त्यापेक्षा बोटीवरच राहू, सगळे उतरले की नाश्त्याची रांग लहान होते.

पण मी आदल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर एक घोळ घालून बसले होते. आमच्या टेबलावर डेन्मार्कची मार्था असायची. सत्तरीची, एकटीने जग हिंडणारी, नोकरीभर लोकांचे हिशेब तपासलेली बाई. तिला कार्ल्याची लेणी बघायची होती, आणि बोटवाल्यांची सहल मुंबईतल्या मुंबईतच फिरवणारी होती, वर महागही. मी फुशारकीने म्हणाले, "कार्ले तर आमच्या घरामागे. मी नेते तुम्हाला." आमच्या यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता.

मग मार्थाने मला बंदरावर खासगी गाडी ठरवण्याचं शास्त्र शिकवलं. बोटवाल्यांच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. स्वतंत्र गाडी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. पुढचं बंदर आपलं आपण गाठायचं. म्हणून गाडी ठरवताना भाडं लेखी घ्यायचं, टोल आणि पार्किंग त्यातच धरायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी एक पैसाही द्यायचा नाही. परत बंदराच्या फाटकाशी आणून सोडलं की मग सगळे पैसे द्यायचे. पैसे हातात पडायचे असले की ड्रायव्हर वेळेवर परत आणतो, असा तिचा अनुभव होता.

बोटीवरच्या इंटरनेटवर मी लोणावळ्याची गाडी शोधली. संतोष नावाच्या ड्रायव्हरने फोन उचलला. भाडं वाजवी सांगितलं, टोल धरून सांगितलं, लेखीही पाठवलं. पण अ‍ॅडव्हान्सशिवाय गाडी निघणार नाही म्हणाला. मागे अशाच एका बोटीच्या पार्टीने बोलावलं, त्या दिवशी बोटच आली नाही आणि हा फाटकाशी दिवसभर ताटकळला. त्याचंही खोटं नव्हतं. मी मार्थाला न सांगता फोनवरून अ‍ॅडव्हान्स पाठवून दिला आणि दोन्ही बाजूंची मनं राखल्याच्या समाधानात झोपले.

सकाळी फाटकाबाहेर संतोष माझ्या नावाचा पुठ्ठा धरून उभा होता. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, कपाळावर भंडारा, गाडी धुऊन लख्ख. "चला मॅडम, ट्रॅफिकच्या आधी घाट गाठू," म्हणाला. मार्थाने त्याला वहीतलं भाडं दाखवलं, त्याने मान डोलावली, आणि आम्ही समुद्रावरच्या नव्या पुलावरून सुसाट निघालो. हे पुढे बसले, आम्ही दोघी मागे. खाडीचं पाणी मागे पडलं, डोंगर दिसू लागले, आणि पनवेल ओलांडल्यावर मी ती चूक केली जी आपल्याकडचा कुणीही माणूस गाडीत बसल्यावर करतोच. मी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"ऱ्हायला कार्ल्यात. गाव सुदुंबरं."

"अहो, माझं माहेर सुदुंबरे," मी म्हणाले.

संतोषने आरशात माझ्याकडे बघितलं. मग कुणाच्यातल्या, कुठल्या आळीतल्या, विहिरीच्या अलीकडचं घर की पलीकडचं, अशी उलटतपासणी झाली. माझ्या वडिलांचं नाव सांगितल्यावर त्याने गाडीचा वेगच कमी केला. त्याचे आजोबा आणि माझे वडील एकाच बांधाचे शेजारी निघाले. खालापूरच्या अलीकडे त्याने चहाला गाडी लावली आणि फोन कानाला लावून लांब गेला.

चहा हातात येतो न येतो तोच माझा फोन वाजला. मी पाठवलेला अ‍ॅडव्हान्स परत आला होता. हा आपल्याला इथेच सोडून जाणार की काय? मार्थाने माझा चेहरा बघून काय झालं विचारलं, तर तिला काय सांगणार, कारण तिच्या लेखी अ‍ॅडव्हान्स दिलेलाच नव्हता. एवढ्यात संतोष परत आला आणि माझ्या पाया पडला.

"आत्या, ते पैशे तुमचे तुमाला. गावच्या लेकीकडनं भाडं घेत्यात व्हय?"

मी नको नको म्हटलं, पण खरं सांगते, आत्या हा शब्द ऐकून मला फार बरं वाटलं. आई-वडील गेले. भाऊ अमेरिकेत, त्याला मूलबाळ नाही. जमीन कारखान्याकडे गेली. तळेगावहून सुदुंबरे म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण जायचं कुणाकडे? गाव तिथेच आहे आणि मला माहेर नाही, अशी कित्येक वर्षं गेली होती. मला आत्या म्हणणारं जगात कुणी नव्हतं, आणि आता हा मिशीवाला भाचा मला चहाचे पैसेही देऊ देत नव्हता.

खंडाळ्याचा घाट चढताना मार्था दरीकडे बघून हरखली. धबधब्याचे दिवस नव्हते, पण कड्यांचे उघडे दगडच तिला जास्त आवडले. लोणावळ्यात आमच्या यांनी चिक्कीच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली, आणि तळेगावचा माणूस पर्यटकासारखा शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची अशा सगळ्या चिक्क्यांची चव बघत सुटला. संतोषने तिथेही पैसे द्यायला हात पुढे केला. त्याला मी डोळे वटारून गप्प केलं. आत्या झाल्यामुळे तेवढा अधिकार आला होता.

कार्ल्याचा डोंगर चढताना वाटेवर फुलं, नारळ, ओटीची दुकानं, आणि एकवीरेला आलेल्या कोळ्यांचे जथे. लेण्याच्या तोंडाशीच देवीचं देऊळ आहे, त्यामुळे आत शांतता आणि बाहेर ताशा. मार्था चैत्यगृहात शिरली आणि मान वर करून उभीच राहिली. दगडी छताला लावलेल्या त्या लाकडी फासळ्या अजून जागच्या जागी आहेत हे तिला खरं वाटेना. मग खांबांवरची अक्षरं दाखवून मी सांगितलं की हे खांब लोकांनी दान दिलेत, त्यांची नावं कोरली आहेत आणि त्यांत बाहेरून आलेले यवन, म्हणजे ग्रीक लोकही आहेत. तिला हे फार पटलं. देणाऱ्याचं नाव, दिलेली वस्तू, सगळं दगडात नोंदवलेलं. अशी पावती मी कधी बघितली नाही, म्हणाली.

खाली उतरल्यावर लगेच निघायचं ठरलं होतं. संध्याकाळी पाचला बोटीची शिडी वर घेणार होते. पण संतोषने खालापूरहून केलेला फोन त्याच्या बायकोला होता. भातखाचरांच्या कडेला त्याचं घर. दारात रांगोळी घातलेली, आणि हातात भाकरतुकडा घेऊन मनीषा उभी. माझ्यावरून ओवाळून तिने तो तुकडा टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाली, "आत्याबाई, जेवल्याबिगर जायाचं न्हाई." मी बोटीचं कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पानं मांडली.

इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात, मटकीची आमटी, तांदळाची भाकरी, ठेचा आणि ताज्या वांग्यांचं भरीत. बोटीवर रोज छत्तीस पदार्थ असतात, पण आमच्या यांनी बोटीवर चढल्यापासून पहिल्यांदा बोटं चाटली. मार्थाने ठेचा चटणी समजून भाकरीवर पसरला, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मनीषाने तिला गूळ भरवला. जेवणानंतर माझी ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मार्थाला पदर नव्हता. पण एवढ्या लांबून आलेली बाई रिकामी कशी धाडायची, म्हणून मनीषाने तिच्या उन्हाच्या टोपीतच तांदूळ आणि नारळ घातला. मार्था ती टोपी दोन्ही हातांनी पोटाशी धरून गाडीत बसली. निघताना मनीषाने माझा नंबर घेतला, आपला दिला आणि बोटीवर चढल्याचा फोन करायला बजावलं.

पुढे घाटात व्हायचं तेच झालं. एक ट्रक बंद पडला होता आणि त्याच्या मागे गाड्यांची शेपटी. आमच्या तिघांची पाचावर धारण बसली. संतोष मात्र घाम पुसत म्हणायचा की आत्याची बोट चुकली तर मी गोव्यापर्यंत गाडी नेतो. हे ऐकून मला आणखीच धडकी भरली, कारण हा माणूस खरंच नेईल आणि तेही फुकट. वाट मोकळी झाल्यावर त्याने अशी गाडी हाकली की आम्ही बंदराच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा पाच वाजायला थोडाच अवधी उरला होता.

माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात मार्थाने पाकीट काढलं. आपला अर्धा वाटा तिने मोजून तयार ठेवला होता. संतोषने हात मागे घेतले. आत्याची पाहुणी म्हणजे घरची पाहुणी, म्हणाला. मी मार्थाला माहेर, गावची लेक, आत्या हे सगळं इंग्रजीत समजावू लागले आणि माझं मलाच ते वेड्यासारखं वाटलं. तिला वाटलं हा भाडं वाढवून मागतोय. मग तिला कळलं की तो काहीच मागत नाही, तेव्हा ती जास्तच बिथरली. पैसे दिल्याशिवाय मी गाडीतून उतरणार नाही, म्हणाली, आणि टोपी मांडीवर घेऊन बसून राहिली. लेणी कोरणाऱ्यांनीसुद्धा लोकांचं दान घेतलं होतं, असंही वर ऐकवलं.

बोटीचा पहिला भोंगा वाजला. मी संतोषला हात जोडले. त्याचं डिझेल गेलं, टोल गेला, एक दिवसाचा धंदा गेला, हे मला दिसत होतं.

"आत्याकडनं भाडं घेतलं आसं गावात कळलं तर बाप माजा मला उंबऱ्यात उभा करनार न्हाई," तो म्हणाला. "तुमी मॅडम आस्त्या तर घेतलं आस्तं."

हीच तर अडचण होती. पैसे दिले की मी परत मॅडम होणार, आणि मला परत मॅडम व्हायचं नव्हतं. पैसे न देता उतरावं तर त्याच्या पोटावर पाय. बोट जाते तर जाऊ दे, असं एक क्षण मनात येऊन गेलं.

दिवसभर चिक्की खाण्यापलीकडे काही न केलेले आमचे हे पुढच्या सीटवरून म्हणाले, "तू आज सून पहिल्यांदा बघितलीस ना? मग तिच्या हातावर काय ठेवलंस?"

मी कपाळावर हात मारून घेतला. सूनमुख (सुनेचं तोंड पहिल्यांदा बघताना सासरच्या मोठ्या बायका देतात ती भेट) द्यायचं राहिलंच होतं. मी तिथल्या तिथे मनीषाला फोन लावला, सांगितलं, आणि मार्थाचा वाटा धरून सगळं तिच्या नंबरवर पाठवून दिलं. हा मामला आता आत्यासासू आणि सुनेचा होता, संतोषला त्यात तोंड घालता येत नव्हतं.

"सूनमुख हाय म्हनल्यावर न्हाई म्हनता येत न्हाई मला," ती म्हणाली. "पन मग आत्याबाई, जत्रंला यावं लागंल. न्हाई आल्या तर समदं परत धाडीन."

येईन, म्हणाले. मार्थाने आपला वाटा माझ्या हातात ठेवला, समाधानाने उतरली आणि आम्ही तिघं त्या वयात धावू नये तसे धावलो. शिडीवरच्या माणसाने आमच्यामागेच साखळी लावली.

गोव्यात, कोचीत आणि कोलंबोत आम्ही मुकाट्याने बोटवाल्यांच्या सहली घेतल्या. त्या वेळेवर निघाल्या, वेळेवर परत आल्या, आणि त्यांतलं मला आता फारसं आठवत नाही. कोलंबोहून विमानाने घरी आलो. शेजारणींनी काय काय बघितलं विचारलं, तेव्हा मी कार्ले म्हणाले आणि त्या हसल्या.

सुदुंबऱ्याच्या जत्रेच्या दिवशी सकाळी दाराशी ती लख्ख गाडी उभी राहिली. वडील गेल्यापासून माझ्या दाराशी मुराळी (लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस) आला नव्हता. मी पुढे बसले, यांना मागे बसवलं. गावाच्या वेशीपाशी जत्रेची गर्दी होती. एका म्हाताऱ्याने गाडी थांबवून काचेतून आत डोकावलं आणि संतोषला विचारलं, "कुटलं भाडं आनलंस रं?"

"भाडं न्हाई आबा," संतोष म्हणाला. "आत्याला आनलंय."

आबांनी बरं म्हणून वाट सोडली. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले, तेवढ्यात आमच्या यांनी मागून आपला पुढे केला.