मावळतीनंतर बेडी नाही

पुनम तापकीर मूळची चऱ्होलीची. बापाच्या वांग्याच्या वाफ्यांवर आता इमारती उभ्या राहिल्यात, आणि तिथल्या पार्किंगमध्ये पाहुण्यांना चौकशी केल्याशिवाय सोडत नाहीत. लहानपणी शेतात ढेकळं फोडून तिचे खांदे असे तयार झाले होते, की भरतीच्या मैदानात तिचा गोळा सगळ्यांच्या पुढं पडला. लग्न होऊन ती रहाटणीला आली. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून पोलिसात हाय, पण घरात आवाज चढवत न्हाई." ते खरंच होतं. कुरुळीत जे घडलं त्या दिवसापर्यंत तिनं ड्युटीवरही कुणावर काठी उगारली नव्हती.

त्या संध्याकाळी ती आणि हवालदार उद्धवराव गाडी घेऊन कुरुळीला पोहोचले, तेव्हा पहिली पाळी सुटून गेली होती आणि कंपनीच्या बसगाड्या रस्त्यावर खोळंबल्या होत्या. ठकुबाईंच्या भाड्याच्या खोल्यांपुढं दीडएकशे माणूस जमलेलं. ओट्यावर धनेश पडला होता. कुणीतरी त्याच्यावर सतरंजी टाकलेली, पण डोक्याकडची बाजू ओली होऊन काळी पडली होती. धनेश हिंगोलीकडचा, वेल्डिंगच्या कामाला होता. बायकोनं वरवंटा घालून त्याचं डोकं फोडलं, एवढंच गर्दीला ठाऊक होतं.

बायको म्हणजे विजयश्री. ती आत कोंडलेली होती. पत्र्याच्या दारावर धनेशचा धाकटा भाऊ भिवा लोखंडी पाईपचे घाव घालत होता, आणि प्रत्येक घावासरशी दार आत वाकत होतं.

घरमालकीण ठकुबाई पुनमजवळ आल्या. कंबरेला खोचलेली किल्ली त्यांनी तिच्या हातात कोंबली. "म्याच कोंडलंय तिला. बाहीर आली असती तर हितंच खांडोळी केली असती पोरीची. रोज मारायचा गं तो. आज गळाच धरला व्हता."

उद्धवरावांनी भिवाला छातीशी ढकलून मागं सारलं. तेवढ्यात पुनम कुलूप काढून आत शिरली आणि तिनं आतून कडी लावली.

विजयश्री भिंतीला पाठ लावून बसली होती. एका डोळ्यात रक्त साकळलेलं. डावा हात खांद्यातून निखळल्यासारखा लोंबत होता. गळ्यावर दोन्ही बाजूंना बोटांचे वळ होते, निळे, स्पष्ट. वरवंटा तिच्या पायाशीच पडला होता, केस चिकटलेला.

"श्वास बंद झाला होता माय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हाताला लागलं ते हाणलं."

पुनमनं ठाण्यातल्या साहेबांना फोन लावला. हायवेवर गाड्या अडकल्यात, कुमक यायला वेळ लागेल, असं ते म्हणाले. "अंधार पडलाय, आता बाईला अटक करायची तर आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी लागेल. मी बघतो. तोवर तिला जिवंत ठेव."

ती बाहेर येऊन दार ओढून घेते तर भिवा उंबऱ्यावरच उभा होता.

"अटक केली का तिला?"

"आत्ता नाही. जखमी आहे, दवाखान्यात नेतोय. सकाळी कायद्यानं काय ते होईल."

"दवाखान्यात?" भिवाचा आवाज फाटला. "भाऊ माझा हितं मरून पडलाय अन् तुमी तिला सलाईन लावू लागलात? आमच्यासमोर बेड्या घाला तिला! मग जाऊ देतो."

उद्धवराव तिच्या कानाशी लागले. "पुनम, घाल बेडी. नुसती दाखवायला. गाडीत बसली की काढू."

एक क्षण तिच्या मनात आलं की खरंच घालावी. बेडी पट्ट्यालाच होती. पण त्या पोरीचा हात खांद्यातून निखळलेला, तो मागं ओढून ती बेडी घालणार कशी? आणि ज्या अटकेला परवानगीच नाही ती तीनशे डोळ्यांसमोर करायची आणि उद्या कोर्टात केलीच नव्हती म्हणायचं? तिनं मान हलवली. "नाही, उद्धवराव. अंधार पडल्यावर बाईला बेडी नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

पहिला दगड उद्धवरावांच्या कपाळाला लागला. ते गुडघ्यावर बसले, भुवईतून रक्ताची धार लागली. कुणीतरी मोटरसायकलची नळी उपसून बाटलीत पेट्रोल घेतलं होतं. ते खिडकीतून आत गेलं, मागून पेटती चिंधी गेली. आत विजयश्री ओरडली.

पुनमनं दार लाथेनं उघडलं. गादी पेटली होती. तिनं विजयश्रीला चांगल्या बगलेतून उचललं, तोंडावर तिचाच पदर दाबला आणि तिला आपल्या पाठीमागं घेऊन बाहेर पडली. दारातच भिवाचा पाईप खाली आला. तो विजयश्रीच्या डोक्यासाठी होता. पुनमनं डावा हात आडवा घातला. बोटं पाईप आणि चौकटीच्या मध्ये सापडली, आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज तिनं स्वतःच ऐकला.

दुखलं ते नंतर. त्या क्षणी तिला फक्त भिवाचा गुडघा दिसला. तिनं काठी तिथं हाणली, दुसरी मनगटावर. पाईप खणखणत ओट्यावर पडला आणि भिवा त्यामागं कोसळला. त्यानं पुन्हा पाईपकडे हात नेला तेव्हा तिसरी काठी कोपरावर बसली. मग तो हलला नाही. उद्धवरावांनी रक्तानं मिटलेल्या डोळ्यांनीच चाचपडत त्याच्या हातांत बेडी अडकवली, आणि बेडी लागल्यावर त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. एक. दुसरी.

"बस्स!" पुनमनं त्यांना खांद्यानं ढकललं. "उद्धवराव, तो आता आपल्या ताब्यात आहे."

"माझं डोकं फोडलंय यांनी!"

"माहितीये. माझीही बोटं मोडलीत. बस्स."

तोवर सायरन ऐकू आला आणि मागची माणसं पांगू लागली. पुनम भिवाजवळ वाकली. "पोलिसांवर हल्ला, जाळपोळ आणि खुनाचा प्रयत्न, यासाठी तुला अटक करतेय. वकील मिळेल. घरी कुणाला कळवायचं, सांग."

भिवा पालथा पडला होता, तोंडात माती. ती थुंकून म्हणाला, "हितं माझं कोण हाय? तिथं सतरंजीखाली हाय, त्यालाच सांगा."

पुनमनं पुन्हा विचारलं. शेवटी गावाकडच्या आईचा नंबर त्यानंच दिला. फोन नव्यानं आलेल्या हवालदारानं लावला. पलीकडचं रडणं पुनमपर्यंत ऐकू आलं.

भिवाला दुसऱ्या गाडीतून नेलं. विजयश्रीबरोबर पुनम दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी गळ्यावरचे वळ मोजून मापून लिहिले, फोटो काढले, खांदा बसवला. पुनमच्या तीन बोटांना सळ्या घालाव्या लागल्या. तरी ती रात्र तिनं त्याच वॉर्डात काढली. सकाळी उन्हं खिडकीत आल्यावर ती विजयश्रीच्या खाटेशी गेली.

"तुला अटक करायला आलेय."

विजयश्रीनं चांगला हात डोक्यावर घेतला. "मारणार का आता?"

"नाही."

"मग अटक म्हंजे काय करत्यात?"

पुनम स्टुलावर बसली. नवऱ्याच्या मृत्यूबद्दल गुन्हा दाखल झालाय, म्हणून अटक. उद्या सकाळच्या आत न्यायाधीशापुढं उभं करायचं, वकील फुकट मिळतो, झडती बाईच घेईल, घरी कळवायचं. ती एकेक सांगत गेली. विजयश्रीनं आईचं नाव सांगितलं आणि हात हळूहळू खाली घेतला. साक्षीदार म्हणून ठकुबाई आल्या होत्या. सही करताना म्हणाल्या, "डब्यात भाकर हाय. खाऊ घालू का, का त्यालाबी परवानगी लागती?"

"घाला," पुनम म्हणाली.

गळ्यावरच्या त्या वळांमुळं विजयश्रीला पुढं जामीन मिळाला. जीव वाचवायला हाणलं, असं तिचा वकील म्हणतो. खटला अजून चालू आहे. भिवा येरवड्याच्या तुरुंगात आहे. उद्धवरावांच्या कपाळावर टाक्यांचे व्रण राहिले, आणि त्या दिवसाचा विषय निघाला की ते अजून म्हणतात, "दोन मिनिटं खोटी बेडी घातली असती, तर तुझी बोटं शाबूत असती राव." पुनम त्यावर वाद घालत नाही. कदाचित असतीही, असं तिला वाटतं. कदाचित विजयश्रीला त्यांनी बेडीसकट ओढून नेलं असतं.

डाव्या हाताची मूठ वळत नाही, म्हणून तिला आता ठाण्यातच बसवलंय. परवा तिनं पुन्हा गस्तीवर घ्यावं म्हणून साहेबांकडे अर्ज केला. साहेबांनी तिच्या हाताकडं पाहिलं.

"काठी कशी धरणार?"

"उजव्यानं, साहेब," ती म्हणाली.