समुद्रापुढचा फोटो

चार माणसं फोटो काढायला म्हणून प्रवासाला निघाली, की फोटो निघतात मूठभर आणि किस्से मात्र पोत्यानं! आमचंही तसंच झालं. साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा दिग्रसला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात वजनकाट्यावर होतो.

आमच्या टोळीचे म्होरके गुलाबभाऊ. बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओत समुद्राचा पडदा, तोही त्यांनी स्वतः रंगवलेला. अर्ध्या तालुक्याचे फोटो त्या पडद्यापुढं निघालेले! पण खरा समुद्र गुलाबभाऊंनी जन्मात पाहिला नव्हता. "एकडाव जाऊन पाहू, पडदा बराबर जमला का नाही," म्हणाले आणि दक्षिणेची फोटोग्राफी टूर ठरली. सोबत कापसाचे व्यापारी बाप्पाजी, मी आणि शाळेत भूगोल शिकवणारा वसंता.

वसंताचं घोडं मात्र अडलं होतं. बोरी अरब गावच्या तुळशीरामजींची मुलगी सुमन त्याला मनापासून आवडली होती. पण आधीच्या एका स्थळानं मागून आणलेली जीप स्वतःची म्हणून दाखवली, तेव्हापासून तुळशीरामजींचा कोणावर भरवसा राहिला नव्हता. वसंता मुलगी पाहायला गेला तेव्हा सहज बोलून गेला, "येत्या उन्हाळ्यात कन्याकुमारीले जानार हावो."

"बोलनारे लय पाह्यले, मास्तर! समुद्रासमोरचा फोटो आना, मंग बोलनी करू."

*

त्रिवेंद्रमच्या खाणावळीत बाप्पाजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. भाजीचा वास घेतला, मग स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून त्या हाताचाही घेतला.

"अरे, हे तं डोक्याले लावाचं तेल! पोटात काहून टाकून राह्यले हे लोकं?"

वाढप्याला काही कळलं नाही. त्यानं प्रेमानं आणखी वाढलं. पुढची सगळी टूर बाप्पाजी केळ्यांवर होते.

*

गुलाबभाऊंनी तिपाईवरचा कॅमेरा आणि काचेच्या प्लेट्सची पेटी तर आणलीच, शिवाय कंगवा, पावडर आणि स्टुडिओतला काळा कोटही आणला. कोटाशिवाय माणसाचा फोटो, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

केरळात, समुद्रापासून आत, खाडीकाठच्या एका कोळीवस्तीत एक म्हातारा जाळं वाळत घालत होता. अंगानं उघडा, कमरेला लुंगी. बाप्पाजी म्हणाले, "वा, काय फोटो हाये!" गुलाबभाऊ लगबगीनं पुढं झाले. म्हाताऱ्याला कोट चढवला, भांग पाडला, पावडर लावली आणि जाळं बाजूला ठेवायला लावलं!

म्हातारा असा खुलला की सगळी वस्ती रांगेत उभी राहिली. कोट एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात. नाही म्हणायची भाषा आम्हाला येत नव्हती. पेटीत शेवटची प्लेट उरली तेव्हा वसंतानं पेटीवर बैठकच मारली.

त्या वर्षी दिग्रसमध्ये ज्यांनी त्या कोटात लग्नाचे फोटो काढून घेतले, त्या सगळ्या नवरदेवांना मासळीचा वास यायचा.

*

कन्याकुमारीला गुलाबभाऊ समुद्राकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "निळा कमी पडला माह्याकडून." त्यांचे डोळे भरले होते. मलाही भरून आलं.

मग शेवटची प्लेट. आम्ही तिघं पाण्याकडं पाठ करून उभे, वसंता मधोमध. स्टुडिओची शिस्त अशी, की गुलाबभाऊंनी "हालू नका" म्हटलं की नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. दिग्रसची शेंबडी पोरंही ती पाळायची.

"हालू नका!"

मागून लाट आली आणि गुडघ्यांवर आदळली. आम्ही ताठ! परत जाताना लाट बाप्पाजींची एक चप्पल घेऊन गेली. बाप्पाजींनी खाली पाहिलंसुद्धा नाही. मग कुठं कॅमेऱ्याचा खटका वाजला.

"गुलाबभाऊ, लाट तुमाले समोरून दिसत होती ना? सांगतलं काहून नाही?" बाप्पाजी ओरडले.

"सांगतलं असतं तं हालले असते तुमी!"

*

फोटो घेऊन आम्ही चौघं बोरी अरबला गेलो. तुळशीरामजींनी तो पाहिला, उठून भिंतीवरची तसबीर काढली आणि शेजारी ठेवली. त्यांचाच फोटो, गुलाबभाऊंच्या पडद्यापुढं काढलेला. तोच समुद्र, तसंच ताठ उभं राहणं.

"मास्तर, या समुद्रासमोर मीबी उभा राह्यलो. दिग्रसले!"

वसंताचा चेहरा उतरला. आम्ही साक्षीसाठी गुलाबभाऊंकडं पाहिलं. ते दोन्ही फोटो निरखून हरखून गेले होते.

"हुबेहूब! सांगा बरं, पडदा कोनता अन् समुद्र कोनता?"

वसंतानं कपाळाला हात लावला. तो उठायच्या बेतात होता, तेवढ्यात चहा घेऊन सुमन बाहेर आली. तिनं चहा खाली ठेवला आणि दोन्ही फोटो नीट पाहिले.

"बाबा, तुमच्या फोटोत तुमच्या दोन्ही चपला हायेत. मंग या काकायची एक कुठी गेली? अन् मास्तरची प्यांट गुडघ्यापरेंत वली कशी?"

तुळशीरामजींनी चष्मा लावला. फोटो दाराच्या उजेडात नेला.

"लाट आलती?"

"हो जी," वसंता म्हणाला.

"अन् तुमी हालले नाही?"

"नाही जी."

तुळशीरामजींनी एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा वसंताकडं.

"मंग टिकसान तुमी हिच्यासमोर!"