विकत घेतलेलं बोलणं

गिरणी बंद पडल्यावर बाबा दादरला एका साड्यांच्या दुकानात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्याच गादीवर बसले. साडी विकायला हात लागतात तसा गळा लागतो. "बसा वहिनी, घेऊ नका, नुसती बघा," एवढं ते अशा आवाजात म्हणायचे की बाई बसायचीच. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. खालच्या पट्टीतला, थोडा जाड, दुपारी जेवून उठलेल्या माणसासारखा सुस्तावलेला. घरी लालबागला आले की त्याच आवाजात आईशी मालवणी सुरू.

तो आवाज बसायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं, साड्यांच्या खळीची धूळ असेल. इतकी वर्षं नाकातोंडात गेली, आता खोकला धरला असेल. परळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि धूळ नव्हती हे कळलं. स्वरयंत्र काढावं लागलं. मानेच्या खाली एक भोक उरलं, त्यातून श्वास. तोंडातून शब्द येणं कायमचं थांबलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणून पाहिलं, पण किरणोपचारांनी मानेची कातडी लाकडासारखी कडक झाली होती. नुसती घरघर यायची. लिहून दाखवावं, तर आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाबा पाटीवर लिहायचे आणि आई म्हणायची, "माका दिसता काय ता? कोणीतरी वाचून दाखवा." दिवसभर घरात ती दोघंच. मी दादरला एका कॉलेजच्या ऑफिसात, दादा त्याच्या संसारात डोंबिवलीला.

दादानेच मग बाबांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. मराठीत लिहायचं, बटण दाबायचं, फोन बोलतो. "फुकट आहे, एकदम झकास चालतं," तो म्हणाला. बाबांनी खाली मान घालून, एकेक अक्षर शोधत लिहिलं, दाबलं. फोनमधून एक बाई बोलली. हिंदी बातम्या देणारी असावी तशी. "माझं पाणी कुठे आहे" याचं तिने "माझम पानी" केलं.

आईने तोंडाला पदर लावला. "ही कोण बायलमाणूस बोलता? तुमच्या पोटात शिरली काय?"

बाबाही हसले. आवाज न होता हसणं कसं दिसतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि मानेवरच्या भोकातून भसभस हवा येते.

थोडे दिवस ती बाई आमच्या घरात राहिली. तिला ळ म्हणता यायचा नाही, परळचं परल व्हायचं, केळं मागितलं तर केलम. नेट गेलं की तिची वाचा बंद. आमच्या नव्या इमारतीत आतल्या खोलीत नेट मिळत नाही, म्हणून बाबा काही बोलायचं असलं की फोन घेऊन खिडकीशी जायचे, आणि तोवर आई स्वयंपाकघरातून दुसऱ्याच विषयावर गेलेली असायची. आणि जाहिराती. तीन-चार वाक्यं झाली की एखादी जाहिरात लागायची, ती बंद करायची फुली कोपऱ्यात मुंगीएवढी. पण फुकट होतं. फुकटच्या गोष्टीला नावं ठेवायची आम्हाला सवय नाही.

मग भोईवाड्यात बाबांचा दुकानातला सोबती वारला. दोघांनी शेजारी शेजारी बसून आयुष्य काढलं होतं, एकाने साडी उलगडायची, दुसऱ्याने घडी घालायची. बाबांनी भेटायला जायचा हट्ट धरला. मी सुट्टी घेतली. निघण्याआधी त्यांनी वाक्य लिहून ठेवलं होतं, मला दाखवलं. "वहिनी, तो माझा भाऊ होता. काही लागलं तर मला सांगा."

खोलीत माणसं सतरंजीवर बसली होती. वहिनी भिंतीला टेकून. बाबा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, फोन तिच्याकडे धरला आणि बटण दाबलं. फोनमधून खळखळ नाणी पडल्याचा आवाज आला आणि एक माणूस ओरडला, "आज ही खेलो! लाखों जीतो!"

बाबा फुली शोधत होते. अंगठा थरथरत होता, फुली लागत नव्हती, जाहिरात पुन्हा पहिल्यापासून लागली. मी फोन घेऊन आवाज बंद केला. कोणी हसलंही नाही, आणि ते जास्त लागलं. बाबांनी हात जोडले. वहिनी रडत म्हणाली, "कळलं भाऊजी, कळलं." पण तिला काय कळलं असेल?

त्या दिवसानंतर बाबांनी ते ॲप उघडलं नाही. चहा हवा असला की कप वाजवायचे. बाकी काही हवं असलं तर नको असल्यासारखे बसून राहायचे. आई सुरुवातीला विचारत राहिली, मग तीही थकली. घरात टीव्ही जास्त वेळ चालू राहू लागला.

पुढच्या तपासणीला मी हे इस्पितळातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फुकटची बरीच आहेत, पण रोजच्या बोलण्याला ती पुरत नाहीत. एक विकतचं आहे. वर्षाला पैसे भरावे लागतात. आधी थोडे दिवस वापरून बघा, मग ठरवा."

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "बोलायचे पैसे? दरवर्षी? म्हणजे भाडं भरायचं? अगं, उद्या दुसरं चांगलं फुकट येईल."

"येईल तेव्हा येईल," मी म्हटलं. "बाबा आज गप्प आहेत."

मी घेतलं. एका रविवारी सकाळी बाबांच्या शेजारी बसून फोनवर चढवलं. त्यात पुरुषांचे आवाज होते. बाबांनी एकेक ऐकला, मान हलवत नाही म्हणत गेले, आणि एका जाडसर आवाजापाशी थांबले. त्यांचा नव्हता तो. पण त्यांच्या एखाद्या चुलतभावाचा म्हणून खपला असता. वेग कमी करता येत होता, तो त्यांनी कमी केला. शब्द शिकवता येत होते. एखादा शब्द चुकला तर तो कसा म्हणायचा ते लिहून द्यायचं, पुढे ते तो तसाच म्हणायचं. बाबांनी दुपारपर्यंत त्याला मालवणी शिकवली. मग फोन तसाच हातात धरून आतल्या खोलीत, जिथे नेट येत नाही तिथे, पलंगावर बसले आणि दाबलं.

"गो, वायच च्या दी."

आई ओट्याशी होती. ती वळली नाही. तिने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली, पाठमोरी. मग चहाचं भांडं ठेवलं.

त्या आठवड्यात त्यांचं पहिलं भांडण झालं. आई बाजारातून बांगडे घेऊन आली, ते शिळे निघाले. बाबा लिहीत होते, आई पुढे बोलत होती, बाबांनी हात वर करून तिला थांबवलं, लिहिणं पुरं केलं, दाबलं. "डोळे बघितलंस काय? लाल डोळ्याचो बांगडो कोण घेता?" आईने त्यावर त्यांच्या सगळ्या खानदानाची खरेदी काढली. मी ऑफिसला निघाले होते, चपला घालता घालता थांबले. जिना उतरताना मला रडू आलं. भांडणाचं कोणाला इतकं बरं वाटेल?

मग ते बोलतच गेले. भोईवाड्याला एकटे जाऊन वहिनीला भेटून आले. दुकानात गेले, तिथल्या नव्या पोरींना त्या जाड आवाजात इरकल आणि नारायणपेठ यांच्या काठातला फरक सांगून आले. मला रात्री जेवताना विचारायचे, "बाय, आज ऑफिसात काय झालं?" पूर्वी गळा होता तेव्हा हे कधी विचारलेलं मला आठवत नाही. तेव्हा दिवसभर बोलून घरी आलेले असत.

वर्ष सरायच्या आत दुखणं परत आलं. या वेळी खोलवर.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो, बाबा मधल्या खुर्चीवर, मी आणि दादा बाजूला. डॉक्टर वाईट नव्हते. पण ते दादाशी बोलत होते. "पेशंटचं पुन्हा ऑपरेशन करता येईल. मोठं आहे. तुम्ही ठरवा आणि सांगा." दादा लगेच म्हणाला, "करू या."

तेवढ्यात बाबांच्या मांडीवरून आवाज आला. "डॉक्टर, पेशंट मी आहे. मला सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. खुर्ची थोडी बाबांकडे वळवली. बाबा लिहीत होते तोवर ते खरंच थांबले.

"ऑपरेशन करून घरी जाईन का?"

"खात्री देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "काही महिने वाढतील. पण त्यातले बरेचसे इथेच जातील. जेवण नळीने."

बाबांनी पुन्हा लिहिलं. "मग नको. मला घरी जायचंय."

आवाज अगदी शांत होता. जाड, सावकाश, ळसुद्धा जागच्या जागी. डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी मात्र बाबांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो भोईवाड्यात थरथरला होता तसाच थरथरत होता.

इस्पितळाच्या फाटकाबाहेर, उसाच्या गाडीजवळ, बाबांना टॅक्सीत बसवून दादा माझ्याकडे वळला. "तो आवाज बाबांचा नव्हता," तो म्हणाला. "बाबा घाबरले होते. घाबरलेल्या माणसाचा आवाज कापतो. तेव्हा डॉक्टर त्याला समजावतात, धीर देतात. तुझ्या त्या मशीनने असं ठामपणे सांगितलं की त्यांनी कागदावर लिहूनच टाकलं. त्या फुकटवाल्या बाईच्या तोंडून हेच आलं असतं ना, तर कोणी इतकं मनावर घेतलं नसतं."

तो चिडून बोलत होता, पण खोटं बोलत नव्हता.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ बाबांच्या पायांवरून हात फिरवत बसली आणि म्हणाली, "तेंका नको तर नको. तो माणूस आसा, सामान न्हय."

माझं मन मात्र थाऱ्यावर येईना. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेली होती तेव्हा मी बाबांजवळ बसले. "बाबा, भीती वाटते का?" ते लिहायला लागले, बराच वेळ लिहीत राहिले, मग सगळं पुसलं. फोन उशीवर ठेवला. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, हो. मी विचारलं, "मग करू या का ऑपरेशन?" त्यांनी ओठांनी उत्तर दिलं. आवाज नव्हता, पण ओठ स्वच्छ दिसत होते. नको.

दादाला मी हे सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढचे महिने बाबा घरीच होते. बोटं थकत गेली तसे शब्द कमी झाले. त्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीची वाक्यं साठवून मोठ्या चौकोनांत ठेवता येत होती, एक बोट लागलं की बोलायचं. पाणी, कूस, पंखा, गो इकडे ये. एका रविवारी दुपारी दादा आला आणि त्यांच्या खोलीत जाऊन दार लावून बसला. बाहेर मी तांदूळ निवडत होते, आई शेजारी बसली होती. आतून तो जाड आवाज तुटक तुटक येत होता, मध्ये बरीच शांतता, मग परत. शब्द ऐकू येत नव्हते. मग दादाचं रडणं ऐकू आलं. लहानपणी मार खाल्ल्यावर रडायचा तसं, हुंदके गिळत. आई उठायला लागली, मी तिचा हात धरला.

दादा बाहेर आला, तोंड धुतलं, चहा न घेता गेला. बाबांनी आत लिहिलेलं सगळं पुसून टाकलं होतं. फुकटवाल्यात बोललेलं कुठे कुठे जात होतं देव जाणे. यात ते फोनच्या बाहेर जात नव्हतं, आणि पुसलं की गेलं. मी कधी विचारलं नाही, दादाने कधी सांगितलं नाही.

बाबा गेले ते एका सकाळी, आई त्यांचे केस विंचरत असताना. शेवटचे काही दिवस त्यांनी फोन मागितलाच नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर दादा निघताना दाराशी थांबला. चप्पल एका पायात होती. "मला अजून वाटतं, करायला हवं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्याने दुसरी चप्पल घातली आणि लिफ्टचं बटण दाबलं. तो येतो सणावारी, आईसाठी फळं आणतो, मला ऑफिसचं विचारतो. बाबांचा विषय आला की आम्ही दोघंही टीव्हीकडे बघतो.