मूळ वही पाहावी

मी दुसरी पास. तिसरीत मास्तरांशी पटलं नाही म्हणून शाळा मी सोडली, शाळेनं मला काढलं नाही. हे आधीच सांगतो, कारण आमच्या गावात अजून कोणी कोणी उलटं सांगतात.

आमचं गाव तापीच्या काठी. गावाच्या ओढ्यावर जुना बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटावर बेचाळीस जणांची शेतं. कोणाला कोणत्या वारी किती वेळ पाणी, ते एका वहीत लिहिलेलं. ती पाळीची वही चावडीच्या कोनाड्यात असायची. पाटाच्या अगदी शेवटी माझ्या वहिनीचं वावर होतं. थोरला भाऊ वारल्यावर अर्धा बिघा केळी हाच तिचा आधार होता. शनिवारी दुपारी वरच्या सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते पाणी तिचं. ते वहीत होतं म्हणून तिला मिळत होतं. पाटाच्या तोंडाशी ज्याचं वावर होतं, त्या भाऊबंदाच्या ते कधीच मनात भरलं नाही.

एका पावसाळ्यात तापीचं पाणी चावडीच्या पायरीला लागलं. पंचांना धसका बसला. त्यांनी ठरवलं, वहीची नक्कल करायची, पत्र्याच्या पेटीत घालायची आणि पेटी पलीकडच्या काठावरच्या गावात ठेवायची. ते गाव उंचावर आणि वहिनीचं माहेर. दर पौर्णिमेला नवी नक्कल जायची आणि जुनी परत यायची. त्यासाठी दोन पेट्या केल्या, एक लाल, एक हिरवी. लिहायला मास्तर नको, तो बाहेरचा माणूस. म्हणून मला नेमलं. किल्ली माझ्या करगोट्याला.

पेटी घेऊन कोणी जायचं यावर पहिल्याच महिन्यात अडलं. आमचे पंच म्हणाले, त्यांनी यावं. त्यांचे म्हणाले, तुमची वही, तुम्ही या. मी काही वाकणारा नव्हतो. शेवटी असं ठरलं की दोन्हीकडून एकेक माणूस निघेल आणि नदीच्या मधोमध पेट्या बदलतील. नाव एकच होती. मग नावाडी आधी पलीकडचा माणूस घ्यायचा, मग आमच्या काठावर येऊन मला घ्यायचा, आणि आम्हाला धारेत नेऊन उभं करायचा. पलीकडचा माणूस आमच्या काठाला लागला तरी उतरायचा नाही, त्यामुळे त्याचा मान राहायचा.

"दोन्ही पेट्या एकच नावमा," नावाडी म्हणायचा. "अन नाव आज बुडनी ते?"

"मूळ वही चावडीमा शे. तू वल्हं मार."

परत आलेल्या जुन्या नकलेचं काय करायचं, हेही पंचांनी ठरवून दिलं होतं. दोन नकला राहिल्या तर दोन तोंडं होतील आणि भांडण लागेल. पण लिहिलेला कागद जाळायचा नाही आणि पायाखाली येऊ द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून जुनी नक्कल मी तिथंच धारेत सोडायचो, हात जोडून. पुरापासून वाचवलेली वही आम्ही दर महिन्याला नदीलाच देत होतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

लिहायला मी वहिनीच्या ओट्यावर बसायचो. उजेड चांगला आणि चहा मिळायचा. मला मोठ्यानं म्हटल्याशिवाय अक्षर निघत नाही. मी एकेकाची पाळी म्हणत लिहायचो, ती समोर मिरचीचे देठ खुडत बसायची. बेचाळीस जण, त्यांचे वार, त्यांच्या घटका. पाच-सहा महिने असं चाललं. मग मला वाटलं, पाळी तर एकाचीही बदलत नाही, बोटं कशाला झिजवायची. मी एका कागदावर लिहिलं, 'मागीलप्रमाणे. बदल नाही. मूळ वही पाहावी.' खाली सही केली आणि कुलूप लावलं. पुढे दर पौर्णिमेला हेच.

वहिनीनं एकदा विचारलं, "भाऊ, आते तोंड उघडत नई तू. पैले ते बोली बोली लिखे."

"आते मी मनमा वाचस."

ती देठ खुडत राहिली.

मग उन्हाळ्याची पाळी लावायला पंचांनी कोनाड्यातली वही काढली. पुठ्ठा जसाच्या तसा होता. आत माती. वाळवीनं एक पानसुद्धा ठेवलं नव्हतं. तोंडाशी वावर असलेला भाऊबंद लगेच म्हणाला, "वही गई. आते ज्यानं वावर पहिलं, त्यानं पानी पहिलं." वहिनी चावडीच्या पायरीशी उभी होती. तिची केळी तेव्हा नुकती निसवली होती, घड बाहेर पडत होते.

पंचांनी मान बाजूला ठेवून पलीकडून पेटी आणवली. मी किल्ली लावली. झाकण मी बेधडक उघडलं, कारण मी खोटं काही लिहिलं नव्हतं. म्हाताऱ्या पंचानं कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला.

"मूळ वही दखा म्हनस हाऊ," तो म्हणाला. "मूळ वही ते वाळवीनं दखी लिधी."

"बदल नव्हताच," मी म्हणालो. आजही म्हणतो, नव्हता.

चावडीचं हसून झालं. तेव्हा पायरीवरून वहिनी बोलली, "मी सांगू का?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं सुरुवात केली. पहिल्या वावरापासून, वार आणि घटकांसकट. माझ्या चालीत, मी जिथं दम घ्यायचो तिथं दम घेत. ज्याची पाळी येई तो मान हलवी. तोंडाशी वावर असलेल्यानंही आपल्या पाळीला मान हलवली. एकेचाळीस झाले आणि शेवटी तिनं स्वतःची सांगितली.

"सवतानी पाळी वाढाई लिधी व्हई इनी," तो भाऊबंद म्हणाला.

"शनिवारनी दुपारनं उरेल पानी," म्हातारा पंच म्हणाला. "त्यानासाठे खोटं कोन बोली?"

पाळी लागली. पण पंचांना आता नवा धसका बसला. वही वहिनीच्या डोक्यात, म्हणून वही कागदावर उतरेपर्यंत वहिनीनं नावेत पाय ठेवायचा नाही, असा ठराव झाला. चौथ्या दिवशी तिच्या भाचीचं लग्न, पलीकडच्या काठावर. मी तीन दिवस दिवसभर लिहीत बसलो. ती सांगायची, मी लिहायचो, मग ती म्हणायची, "आते वाच. मोठ्यानं." दोन ठिकाणी माझी चूक काढली. त्यातली एकच खरी होती.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो. ती नव्या लुगड्यात, मी हिरवी पेटी घेऊन. ती नावेत बसली. मी पाय उचलला तर नावाड्यानं वल्हं आडवं धरलं.

"पेटी अन वहिनी, दोन्ही एकच नावमा नई," तो म्हणाला. "पंचेस्नी सांगेल शे."

वहिनीनं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बस तठेच," ती म्हणाली.

नावाडी तिकडंच लग्नाला जेवायला थांबला; संध्याकाळी नाव परत येईपर्यंत मी काठावर पेटीवर बसून राहिलो. लग्न चुकलं. पेटीत बेचाळीसच्या बेचाळीस पाळ्या होत्या.